विलेम बारेंट्स

विलेम बारेंट्स (जन्म: इ.स. १५५० च्या सुमारास, मृत्यू: २० जून १५९७) हा सोळाव्या शतकातील डच नाविक, नकाशाकार आणि उत्तर ध्रुवीय प्रदेशाचा आद्य संशोधक होता. युरोप आणि आशियाच्या उत्तरेकडून वळसा घालून चीनला व मसाल्याच्या बेटांना पोहोचण्याचा समुद्रमार्ग शोधण्यासाठी १५९४, १५९५ आणि १५९६ अशी लागोपाठ तीन वर्षे ज्या डच सफरी निघाल्या, त्या तिन्हींत त्याचा प्रमुख वाटा होता. हा मार्ग त्याला सापडला नाही. तिसऱ्या सफरीत त्याचे जहाज नोवाया झेमल्या बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर बर्फात अडकले. तेथे एक संपूर्ण हिवाळा काढल्यावर, परतीच्या वाटेवर उघड्या नावेत त्याला मृत्यू आला. नॉर्वे व रशियाच्या उत्तरेकडील बारेंट्स समुद्राला त्याचे नाव देण्यात आले आहे.

नाव आणि पूर्वायुष्य

‘बारेंट्स’ हे आडनाव नव्हे. डच भाषेत त्याचे पूर्ण रूप ‘बारेंटसोन’, म्हणजे ‘बारेंटचा मुलगा’, असे होते. त्या काळी नेदरलँड्समधील सामान्य घरांत कायमचे आडनाव लावण्याची रीत रुळलेली नव्हती; स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लावले जाई. महाराष्ट्रात नाव आणि आडनाव यांच्यामध्ये वडिलांचे नाव येते, तोच हा प्रकार. फक्त पुढचे आडनाव गळलेले. आज एका समुद्राला, एका बेटाला आणि एका गावाला मिळालेले हे नाव अशा रीतीने खरे तर विलेमच्या वडिलांचे आहे.

विलेमचा जन्म नेदरलँड्सच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या टेर्स्खेलिंग बेटावर झाला. तो दर्यावर्दी होता, तसाच नकाशे काढण्याच्या कलेत निष्णात होता. स्पेन आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर त्याने प्रवास केले आणि त्या अनुभवाच्या आधारे, ॲम्स्टरडॅममधील धर्मोपदेशक व भूगोलतज्ज्ञ पेत्रुस प्लांसियस याच्या साहाय्याने, भूमध्य समुद्राचा नकाशासंग्रह तयार केला. तो १५९५ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ध्रुवीय समुद्रात उतरलेला हा माणूस मुळात उबदार पाण्याचा जाणकार होता. त्याच्या साऱ्या सफरींत अक्षांश मोजण्याची, खोली पाहण्याची आणि किनारा कागदावर उतरवण्याची जी शिस्त दिसते, तिचे मूळ या आधीच्या कामात आहे.

उत्तरेकडचा मार्ग कशासाठी?

सोळाव्या शतकाच्या अखेरीस पूर्वेकडील व्यापाराचे दोन्ही ज्ञात सागरी मार्ग इबेरियन सत्तांच्या हाती होते. आफ्रिकेला वळसा घालणारा मार्ग पोर्तुगीजांचा होता आणि १५८० पासून पोर्तुगालचा मुकुटही स्पेनच्या राजाकडे गेला होता. त्याच राजाविरुद्ध डच प्रांतांचे स्वातंत्र्ययुद्ध चालू होते. लिस्बनच्या बाजारात मसाले घेऊन ते उत्तर युरोपात विकणे हा डच व्यापाऱ्यांचा किफायतशीर धंदा या वैरामुळे अडचणीत आला. शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात न येता पूर्वेला जाता आले तर हवे होते, आणि नकाशावर पाहता उत्तरेची वाट जवळचीही दिसत होती.

इंग्रजांनी हा प्रयत्न आधीच करून पाहिला होता. १५५३ मध्ये सर ह्यू विलोबी याच्या नेतृत्वाखाली निघालेल्या तीन जहाजांपैकी दोन जहाजांवरील सर्व माणसे, स्वतः विलोबीसह, कोला द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात मरण पावली. तिसऱ्या जहाजावरील रिचर्ड चॅन्सेलर मात्र श्वेत समुद्रात पोहोचला आणि तेथून मॉस्कोला गेला. १५८० मध्ये पेट व जॅकमन हे आणखी पुढे, कारा समुद्राच्या तोंडापर्यंत गेले आणि बर्फामुळे परतले.

प्लांसियसचा तर्क वेगळा होता. बर्फ किनाऱ्यालगत आणि नद्यांच्या मुखांशी तयार होतो. किनाऱ्यापासून दूर, थेट उत्तरेला, उन्हाळ्यात सूर्य महिनोन्‌महिने मावळत नसल्यामुळे समुद्र मोकळा असला पाहिजे, असे तो मानी. हा तर्क चुकीचा होता. परंतु त्याचा पगडा पुढे जवळजवळ तीनशे वर्षे टिकला आणि त्यापायी अनेक जहाजे बर्फात गेली. बारेंट्स हा या मताचा पहिला मोठा परीक्षक म्हणावा लागेल.

पहिली सफर (१५९४)

जून १५९४ मध्ये डच जहाजांचा एक छोटा ताफा टेक्सेल बेटावरून निघाला. त्यात दोन गट होते. कोर्नेलिस नाय याच्या नेतृत्वाखालील जहाजे दक्षिणेकडून, म्हणजे वायगाच बेटाजवळच्या सामुद्रधुनीतून पूर्वेला जाणार होती. बारेंट्सने आपल्या जहाजासह नोवाया झेमल्याच्या उत्तर टोकाला वळसा घालायचा होता. ‘नोवाया झेमल्या’ या रशियन नावाचा अर्थ ‘नवी भूमी’ असा आहे.

नायच्या गटात यान ह्यूगेन व्हान लिन्स्कोटेन हा गृहस्थ होता. तो १५८३ पासून काही वर्षे गोव्यात पोर्तुगीज आर्चबिशपचा चिटणीस म्हणून राहिलेला होता. तेथे त्याने पोर्तुगीजांचे जलमार्ग, वारे, बंदरे आणि व्यापार यांची बारकाईने माहिती गोळा केली होती. मांडवीकाठी राहून आलेला हा मनुष्य आता कारा समुद्रातील बर्फ पाहत होता. त्याने उत्तरेच्या दोन सफरी केल्या. पण त्याच्या गोव्यातील टिपणांनीच अखेर उत्तरेकडच्या मार्गाची गरज संपवली. त्याचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

बारेंट्सने नोवाया झेमल्याचा पश्चिम किनारा उत्तरेपर्यंत तपासला आणि भूशिरे, उपसागर व बेटे यांची नोंद केली. या सफरीत डच खलाशांची पांढऱ्या अस्वलाशी गाठ पडली. अस्वलाच्या गळ्यात दोर अडकवून त्याला जिवंत हॉलंडला नेण्याचा बेत त्यांनी केला. पण अस्वल नावेत चढू लागताच बेत सोडून त्याला मारावे लागले. उत्तरेकडील ऑरेंज बेटांवर त्यांना सुमारे दोनशे वॉलरसांचा कळप दिसला. सुळ्यांसाठी त्यांनी कुऱ्हाडी-भाल्यांनी हल्ला केला. जाड कातडीवर शस्त्रे मोडली आणि हाती थोडेच सुळे लागले. त्याच सुमारास पुढे बर्फ दाटल्याने आणि खलाशी पुढे जाण्यास राजी नसल्याने त्याला परतावे लागले. दक्षिणेकडचा गट मात्र कारा समुद्रात थोडे अंतर मोकळ्या पाण्यातून गेला आणि वाट सापडलीच, अशा उत्साहात घरी आला.

दुसरी सफर (१५९५)

या उत्साहाच्या भरात पुढच्या वर्षी सात जहाजे निघाली. त्यांपैकी सहा जहाजांवर चीनमध्ये विकण्याचा माल भरला होता. बारेंट्स मुख्य दिशादर्शक होता. ताफा उशिरा निघाला आणि सामुद्रधुनीपलीकडे बर्फाची भिंतच उभी राहिली. किनाऱ्यावर त्यांना समोयेद (आजच्या नावाने नेनेत्स) लोक भेटले. एका बेटावर अस्वलाने दोन खलाशांचा बळी घेतला. माल जसाच्या तसा परत आला. डच संसदेने यापुढे सरकारी खर्चाने सफर काढण्याचे नाकारले. मात्र वाट शोधून काढणाऱ्याला मोठे बक्षीस देण्याची तयारी दाखवली.

तिसरी सफर (१५९६)

आता ॲम्स्टरडॅमच्या नगरपरिषदेने दोन जहाजे सज्ज केली. एकाचा कप्तान याकोब व्हान हेम्सकेर्क आणि दुसऱ्याचा यान कोर्नेलिस रेइप होता. बारेंट्स हेम्सकेर्कच्या जहाजावर दिशादर्शक म्हणून गेला. म्हणजे या सफरीचा तो औपचारिक प्रमुख नव्हता. तरीही जहाज कोठे न्यायचे हे बहुतांशी त्याच्याच शब्दावर ठरत असे, हे सफरीच्या वृत्तान्तावरून स्पष्ट दिसते.

मे १५९६ मध्ये जहाजे निघाली आणि प्लांसियसच्या मताप्रमाणे किनारा सोडून उत्तरेला गेली. जूनच्या पूर्वार्धात त्यांना एक लहान बेट लागले. तेथे मारलेल्या मोठ्या अस्वलावरून त्याला ‘अस्वल बेट’ असे नाव पडले. १७ जून रोजी त्यांना उंच, टोकदार डोंगरांची भूमी दिसली. तिला त्यांनी ‘स्पिट्सबर्गन’, म्हणजे ‘टोकदार डोंगर’, असे म्हटले. ती ग्रीनलँडचाच भाग असावी असा त्यांचा समज होता. बाराव्या शतकातील आइसलँडच्या बखरींत ‘स्वालबार्ड’ नावाच्या भूमीच्या शोधाची नोंद आहे आणि रशियन शिकारी तेथे आधीच जात असत असाही दावा केला जातो. तथापि या भूमीचे निःसंशय स्थाननिश्चितीसह वर्णन प्रथम या सफरीतच झाले.

येथील एक निरीक्षण विशेष सांगण्यासारखे आहे. हॉलंडच्या किनाऱ्यावर दर हिवाळ्यात रानहंसांचे थवे येत. पण त्यांची घरटी किंवा अंडी कोणी पाहिलेली नव्हती. त्यामुळे हे पक्षी स्कॉटलंडमधील झाडांवर फळांसारखे लागतात आणि पाण्यात पडून जिवंत होतात, अशी समजूत शिकलेल्या लोकांतही होती. स्पिट्सबर्गनवर हेच पक्षी अंड्यांवर बसलेले सापडले. त्यांची अंडी आजवर कोणी पाहिली नव्हती याचे कारण इतक्या उत्तरेला कोणी आले नव्हते एवढेच, अशी नोंद वृत्तान्तकाराने केली.

१ जुलैला जहाजे अस्वल बेटाशी परत आली आणि येथे मतभेद झाला. रेइपला पुन्हा उत्तरेकडे जाऊन वाट शोधायची होती. बारेंट्सचा आग्रह पूर्वेचा होता. दोघे वेगळे झाले. रेइप बर्फामुळे परत फिरला आणि सुखरूप घरी पोहोचला. बारेंट्सने नोवाया झेमल्या गाठून तिच्या उत्तर टोकाला वळसा घातला. जे १५९४ मध्ये साधले नव्हते, ते या वेळी साधले. पण परतीची वाट त्याच्यामागे बंद झाली. ऑगस्टच्या अखेरीस, ईशान्य किनाऱ्यावरील ज्या उपसागराला त्यांनी ‘हिमबंदर’ म्हटले तेथे, जहाज बर्फाने घेरले आणि उचलले गेले. जहाजावर सतरा माणसे होती.

पूर्वेकडे जाण्याचा आग्रह बारेंट्सचाच होता, त्यामुळे पुढच्या साऱ्या हालांची जबाबदारी त्याच्यावर येते, असे म्हणता येईल. ते एका अर्थी खरे आहे. मात्र खलाशांनी त्याला दोष दिल्याचे वृत्तान्तात कोठेही आढळत नाही.

बर्फातील घर

नोवाया झेमल्यावर झाडे नाहीत. परंतु सायबेरियातील नद्यांनी समुद्रात वाहून आणलेले ओंडके किनाऱ्यावर पडलेले होते. ते घसरगाड्यांवर ओढून आणून आणि जहाजाच्या फळ्या काढून खलाशांनी सुमारे आठ मीटर लांब व साडेपाच मीटर रुंद असे घर उभारले. बांधकामाच्या सुरुवातीलाच जहाजावरचा सुतार मरण पावला. जमीन इतकी गोठलेली होती की त्याच्यासाठी खड्डाही खणता आला नाही. त्याला खडकातील एका भेगेत ठेवावे लागले. खिळे तोंडात धरले तर ओठाला चिकटून कातडी सोलून निघे. ऑक्टोबरमध्ये सर्व जण घरात राहावयास गेले. डच लोक या घराला ‘बेहाउडन हाउस’, म्हणजे ‘सुखरूप घर’, म्हणतात.

या हिवाळ्याचा तपशील मुख्यतः गेरिट डे व्हीर या सहप्रवाशाच्या रोजनिशीवरून कळतो. घराच्या मध्यभागी चूल होती आणि तिच्यावर धुराडे म्हणून एक पिंप बसवले होते. भिंतीलगत झोपण्याचे फळे होते. वैद्याच्या सल्ल्यावरून दारूच्या एका रिकाम्या पिंपाचे न्हाणीघर केले होते आणि त्यात आळीपाळीने गरम पाण्याने स्नान करावे लागे. बाहेरून घर बर्फाखाली गाडले गेले. आत भिंतींवर आणि झोपण्याच्या जागीही दोन बोटे जाडीचे बर्फ साठले. बिअर गोठून पिंपे फुटली. पायमोजे जळण्याचा वास येई तेव्हा विस्तव पायाशी आहे हे कळे. पायाला त्याची ऊब लागत नसे. झोपताना तापवलेले दगड व तोफेचे गोळे पायाशी घ्यावे लागत. चीनमध्ये विकायला आणलेले लोकरी कापड अंगावर घेण्याच्या कामी आले.

थंडी असह्य झाल्यामुळे ७ डिसेंबरला त्यांनी जहाजावरचा दगडी कोळसा आणून जाळला आणि ऊब टिकावी म्हणून दार व धुराडे बंद केले. थोड्याच वेळात सर्वांना घेरी येऊ लागली. ज्याच्या अंगात थोडे त्राण होते त्याने दार उघडले म्हणून सारे वाचले. कार्बन मोनॉक्साइड वायूचे नावही तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. पण त्याच्या विषबाधेचे हे अचूक वर्णन आहे.

अन्नाच्या बाबतीत त्यांनी न कळत एक योग्य आणि एक अयोग्य गोष्ट केली. सूर्य गेला तशी अस्वले दिसेनाशी झाली आणि ध्रुवीय खोकडे येऊ लागली. सापळे लावून ती पकडली जात. त्यांचे मांस सशासारखे लागे आणि कातड्याच्या टोप्या होत. या ताज्या मांसातून मिळणाऱ्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे स्कर्व्हीचा जोर काही काळ रोखला गेला. अस्वलांचे मांस मात्र त्यांनी टाळले. त्यांची चरबी दिव्यात जाळली. मे अखेर एकदाच अस्वलाचे यकृत शिजवून खाल्ले, आणि सर्व जण आजारी पडले. तिघांची तर डोक्यापासून पायापर्यंत कातडी सोलून निघाली. ध्रुवीय अस्वलाच्या यकृतात ‘अ’ जीवनसत्त्व विषारी ठरण्याइतक्या प्रमाणात असते, याचा उलगडा विसाव्या शतकात झाला.

या दिवसांत सण पाळण्याचेही त्यांना सुचले. जानेवारीच्या आरंभी ‘तीन राजांचा’ सण आला तेव्हा राखून ठेवलेली थोडी दारू काढली, पिठाच्या तेलातल्या धिरड्या केल्या आणि चिठ्ठ्या टाकून राजा निवडला. तोफखान्यावरचा माणूस त्या रात्री नोवाया झेमल्याचा राजा झाला. वसंतात, अंगात बळ यावे म्हणून, ते बर्फावर चेंडू-काठीचा खेळ खेळत.

२४ जानेवारीचा सूर्य

४ नोव्हेंबर १५९६ पासून सूर्य दिसेनासा झाला. लोखंडी घड्याळ थंडीने बंद पडल्यावर बारा तासांच्या वाळूच्या घड्याळावर वेळ राखली जात होती. ते उलटण्यात चूक होऊ नये म्हणून पाळ्या लावल्या होत्या. बारेंट्सच्या गणिताप्रमाणे सूर्य फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याआधी उगवणे शक्य नव्हते. पण २४ जानेवारी १५९७ रोजी डे व्हीर, हेम्सकेर्क आणि आणखी एक जण समुद्रकाठी गेले असता त्यांना दक्षिणेला क्षितिजावर सूर्याची कड दिसली. त्यांनी घरी येऊन हे सांगितले. बारेंट्सने विश्वास ठेवला नाही. अजून दोन आठवडे अवकाश आहे, असे तो म्हणाला. २७ जानेवारीला आकाश निवळले तेव्हा संपूर्ण सूर्यबिंब सर्वांना दिसले.

हॉलंडला परतल्यावर या नोंदीवर वाद झाला. दिवस मोजण्यात खलाशांची चूक झाली असावी, हे सर्वांत सोपे स्पष्टीकरण होते. डे व्हीरला आक्षेपाची कल्पना होती आणि त्याने त्यावर एक पुरावा दिला आहे. त्याच जानेवारीतील चंद्र व गुरू यांच्या युतीची वेळ त्यांनी व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रहपंचांगात पाहून ठेवली होती आणि २५ तारखेच्या पहाटे ती प्रत्यक्ष आकाशात पाहिली होती. तारीख चुकली असती तर युती जुळलीच नसती. (याच निरीक्षणावरून त्यांनी आपल्या जागेचा रेखांशही काढला, तो खऱ्यापेक्षा बराच पूर्वेला आला. पण चीनला पोहोचण्याची आशा असलेल्या माणसांची ही चूक समजण्यासारखी आहे.)

प्रत्यक्षात त्या दिवशी मध्यान्हीला सूर्य क्षितिजाच्या सुमारे ५ अंश खाली होता. वातावरणातील नेहमीच्या अपवर्तनाने सूर्य जेमतेम अर्धा अंश वर उचललेला दिसतो. त्यामुळे तीन शतके या नोंदीकडे अनेकांनी संशयाने पाहिले. योहानेस केप्लरने मात्र १६०४ मधील आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात ती विचारात घेतली. जमिनीलगत अतिथंड आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर पसरलेला असला, तर या दोन थरांच्या सीमेवर प्रकाशकिरण पुनःपुन्हा खाली वळत पृथ्वीच्या गोलाईला धरून शेकडो किलोमीटर प्रवास करतात आणि क्षितिजाखालचा सूर्य चपटा, कधी आडव्या पट्ट्यांचा बनून दिसतो. अर्नेस्ट शॅकलटनच्या ‘एन्ड्युरन्स’ जहाजावरील माणसांना दक्षिण ध्रुवीय समुद्रात मे १९१५ मध्ये, सूर्य मावळून आठवडा झाल्यावर, असाच सूर्य पुन्हा दिसला. पुढे गणितानेही डे व्हीरची नोंद शक्य असल्याचे दाखवले. या घटनेला आज ‘नोवाया झेमल्या परिणाम’ असेच म्हणतात. बारेंट्सचे गणित बरोबर होते आणि त्याच्या सोबत्यांचे डोळेही बरोबर होते. हवेतील थरांचा हा गुण तेव्हा कोणालाही माहीत नव्हता.

परतीचा प्रवास आणि मृत्यू

उन्हाळा आला तरी जहाज सुटेना. ते पिचून गेले होते. जहाजावरच्या दोन नावांच्या कडा उंचावून त्या समुद्रात नेण्याजोग्या केल्या गेल्या. जानेवारीत आणखी एक खलाशी मरण पावल्याने आता पंधरा जण उरले होते. त्यांत बारेंट्स आणि क्लास आंद्रीस हे दोघे चालू शकत नव्हते. निघण्यापूर्वी बारेंट्सने एक पत्र लिहिले. आपण हॉलंडहून चीनला जाण्यासाठी कसे निघालो, येथे काय घडले आणि कोणत्या स्थितीत नावांतून परत जात आहोत, एवढे त्यात होते. पुढे कोणी आलाच तर त्याला कळावे म्हणून ते पत्र बंदुकीच्या दारूच्या नळीत घालून धुराड्यात टांगले. १४ जून १५९७ रोजी नावा निघाल्या. दोघा आजाऱ्यांना घसरगाडीवरून किनाऱ्यापर्यंत नेण्यात आले.

१६ जूनला नावा उत्तरेकडील हिमटोकाशी आल्या. आपण टोकाशी आलो का, असे बारेंट्सने डे व्हीरला विचारले आणि ते भूशिर पुन्हा एकदा पाहण्यासाठी आपल्याला उचलून धरावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी बर्फाचे प्रचंड तुकडे नावांवर आदळू लागले. सर्वांत हलका म्हणून डे व्हीर दोर घेऊन एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरकत घट्ट बर्फापर्यंत गेला आणि नावा ओढून घेता आल्या.

२० जूनला क्लास आंद्रीसची प्रकृती बिघडल्याचे बारेंट्सच्या कानी आले. आपणही फार काळ टिकू असे वाटत नाही, असे तो म्हणाला. पण तो इतका आजारी असेल असे कोणालाच वाटले नाही. डे व्हीरने प्रवासाचा काढलेला नकाशा तो पाहत होता, त्यावर बोलत होता. मग नकाशा बाजूला ठेवून त्याने प्यायला मागितले आणि ते घेताच त्याचे प्राण गेले. थोड्या वेळाने क्लास आंद्रीसही गेला. दिशा दाखवणारा एकमेव भरवशाचा माणूस गेल्याचे दुःख डे व्हीरने मोजक्या शब्दांत नोंदवले आहे. बारेंट्सची कबर आजवर सापडलेली नाही.

यानंतर आणखी एक जण मरण पावला. उरलेले बारा जण नोवाया झेमल्याच्या किनाऱ्याने दक्षिणेला सरकत राहिले. २८ जुलैला त्यांना रशियन शिकाऱ्यांच्या दोन नावा भेटल्या. तेरा महिन्यांत भेटलेली ही पहिलीच परकी माणसे. त्यांच्यापैकी काहींनी हेम्सकेर्क व डे व्हीर यांना दुसऱ्या सफरीतील भेटीवरून ओळखले आणि राईची भाकरी दिली. तीन दिवसांनी एका बेटावर त्यांना स्कर्व्हीवर गुणकारी म्हणून ओळखली जाणारी रानभाजी सापडली. ती ओंजळीने खाताच दोन-चार दिवसांत ज्यांना वल्हे धरवत नव्हते ते वल्हवू लागले. बारेंट्सचा मृत्यू होऊन तेव्हा सहा आठवडे झाले होते.

उघड्या नावांतून अडीच हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करून ते कोला येथे पोहोचले. तेथे व्यापारासाठी आलेले एक डच जहाज उभे होते आणि त्याचा कप्तान होता यान रेइप. अस्वल बेटाशी मतभेद होऊन वेगळा झालेला तोच. १ नोव्हेंबर १५९७ रोजी बारा जण ॲम्स्टरडॅमला उतरले. नोवाया झेमल्यावर घातलेल्या खोकडाच्या टोप्या त्यांच्या डोक्यावर तशाच होत्या. नगरीत सर्वांनी त्यांना मृतच धरले होते. त्या दिवशी तेथे डेन्मार्कच्या राजाचा वकील भोजनास आलेला होता; त्या पंक्तीपुढेच त्यांना आपली हकीकत सांगावी लागली.

सफरीनंतर

ज्या मार्गासाठी हे सारे घडले त्याची निकड तोपर्यंत संपत आली होती. कोर्नेलिस डे हाउटमन याच्या नेतृत्वाखाली आफ्रिकेच्या वाटेने गेलेली डच जहाजे ऑगस्ट १५९७ मध्ये जावाहून परत आली होती. त्यांच्यापाशी लिन्स्कोटेनने गोव्यात जमवलेली, पोर्तुगीजांनी गुप्त ठेवलेल्या मार्गांची माहिती होती. बारेंट्सचे सोबती कोलाच्या वाटेवर असतानाच दक्षिणेचा दरवाजा उघडला गेला. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. हेम्सकेर्क स्वतः पूर्वेला गेला, १६०३ मध्ये त्याने सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले आणि १६०७ मध्ये जिब्राल्टरच्या लढाईत तो मारला गेला. उत्तरेचा मार्ग संपूर्ण पार करण्याचे काम १८७८–७९ मध्ये नॉर्डेनशेल्डच्या ‘वेगा’ जहाजाने केले.

डे व्हीरचा वृत्तान्त १५९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि लवकरच युरोपातील प्रमुख भाषांत गेला. त्यातील पहिल्या सफरीचा भाग बारेंट्सच्या टिपणांवरून लिहिलेला आहे, कारण त्या सफरीत डे व्हीर नव्हता. बारेंट्सचा ध्रुवीय प्रदेशाचा नकाशाही त्याच वर्षी, मरणोत्तर, छापला गेला. अस्वल बेट व स्पिट्सबर्गन हे त्यावर प्रथम दिसतात. या शोधाचा दुसरा परिणाम तितकासा सुखद नाही. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून स्पिट्सबर्गनच्या उपसागरांत इंग्रज व डच देवमाशांची शिकार करू लागले आणि तेथील देवमासे काही पिढ्यांत जवळजवळ नाहीसे झाले.

घराचा शोध

सप्टेंबर १८७१ मध्ये नॉर्वेचा कप्तान एलिंग कार्लसन हिमबंदरात उतरला, तेव्हा ते घर त्याला सापडले. छप्पर कोसळले होते आणि आत बर्फ भरले होते. पण भांडी, धुराड्याखालची चूल, घड्याळ, मेणबत्त्यांची शमादाने, हत्यारे, एक बासरी आणि पुस्तके जागच्या जागी होती. पुस्तकांत चीनच्या इतिहासावरील मेंडोसाच्या ग्रंथाचा डच अनुवाद होता. चीनमध्ये विकण्यासाठी आणलेल्या छापील चित्रांचे गठ्ठे गोठून एकजीव झाले होते. पुढे संग्रहालयात ते कागद एकेक करून सोडवण्यात आले. १८७६ मध्ये चार्ल्स गार्डिनर या इंग्रज प्रवाशाने त्या जागी आणखी शंभरावर वस्तू शोधल्या. त्यांत दारूच्या नळीत ठेवलेले ते पत्रही होते. लिहिल्यापासून २७९ वर्षांनी ते कोणाच्या तरी हाती पडले. या वस्तू आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत. १९९० च्या दशकात डच व रशियन संशोधकांनी मिळून घराच्या अवशेषांचा पुन्हा अभ्यास केला.

बारेंट्स समुद्राखेरीज स्वालबार्डमधील बारेंट्स बेट आणि तेथील बारेंट्सबर्ग ही कोळसा खाणींची वसाहत त्याच्या नावाने ओळखली जाते. कवी हेन्ड्रिक टोलेन्स याच्या १८१९ मधील दीर्घकाव्यामुळे नोवाया झेमल्यावरील हिवाळा नेदरलँड्समध्ये घरोघरी पोहोचला. २०११ मध्ये या कथेवर ‘नोवा झेम्बला’ हा डच चित्रपट निघाला.